पारोळ्याच्या पुढे गार

पितांबरनानांच्या गाडीचा एसी होळीपासून नखरे करत होता. लागला तर लागला, नाहीतर नुसता पंखा आणि जाळीतून भट्टीचा वारा. नानांचा उभा जन्म जळगावात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने गुंडाळण्यात गेलेला. कारणाशिवाय काही बंद पडत नाही आणि कारणाशिवाय काही चालतही नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नाना, गॅस पुरता आहे, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, रिले नवा टाकलाय," गॅरेजवाला प्रेमराज म्हणाला. "आता दृष्ट काढा गाडीची."

"वायरिंग बघ. कुठंतरी सैल असणार."

"बघितलं की! बायकोचं तोंड बघत नाही एवढं तुमचं वायरिंग बघितलं."

बोलून गेल्यावर प्रेमराजने जीभ चावली. नानांच्या पत्नी सुनंदाबाई दिवाळीत वारल्या होत्या.  बॉनेट नानांनीच खाली घेतलं.

मग त्यांनी स्वतः लक्ष ठेवलं. रावेरला लग्नाला गेले, एसी बंद. चाळीसगावला गेले, बंद. धुळ्याला लेकीकडे, मयुरीकडे निघाले, तेव्हा पारोळं मागे पडल्यावर पुढे 'टक' आवाज झाला, कॉम्प्रेसर लागला आणि सुनंदा बसायची त्या डाव्या बाजूच्या जाळीतून गार वारा सुटला. उजवीकडची जाळी गरमच. गॅस कमी असला की असं होतं, पण गॅस तर पुरता होता. थोडं पुढे गेल्यावर वारा पुन्हा तापला. येताना तेच, फक्त उलटं.

रस्ता नवा, गुळगुळीत. धक्का बसावा असं तिथं काही नव्हतं. डावीकडे एक फाटा होता तेवढा. बोरखेड्याचा.

बोरखेडं सुनंदाचं माहेर. नाना त्या गावाचं नाव घेत नसत. सासूच्या तेराव्याच्या जेवणात सुनंदाच्या भावाने, यादवने, भरल्या पंगतीतून त्यांना उठवलं होतं. "मोटारी गुंडाळणाऱ्यानं मागच्या पंगतीला बसावं." तेव्हा सुनंदाने हातातला पाण्याचा तांब्या सगळ्यांसमोर अंगणात उपडा केला. "या घरचं पाणी पुन्हा तोंडाला लावणार नाही." तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. नानांनी तर नाहीच. पुढच्या सगळ्या संसारात, भांडणात, आजारपणात, ती कितीही तोडून बोलली तरी ते मनात म्हणत, हिने माझ्यासाठी माहेर सोडलं. दिवाळीनंतर तर तेवढं एकच वाक्य घरात शिल्लक राहिलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांना पाणी द्यायचा दिवस, आणि सुनंदाच्या नावाची पहिलीच घागर. नानांनी नवी लाल घागर आणली, काठोकाठ भरली, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी सांजोऱ्या. शेजारच्या ताईबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत पाणी उतरतं बघा नाना. गेलेलं माणूस पिऊन जातं."

"माती पाझरते, ताईबाई. या उन्हात उतरणारच."

मग ते मयुरीला आणायला धुळ्याला निघाले. एरवी आखाजीला लेकीला आणायला सुनंदाच जायची, ड्रायव्हर घेऊन, सकाळी. दोघी यायच्या दिवेलागणीला. बायकांचा वेळ असाच जातो, असं नाना समजत.

पारोळ्याच्या पुढे 'टक' झालं. वारा गार झाला. फाटा मागे पडला तसा वारा तापू लागला. नानांनी गाडी थांबवली, मागे घेतली. गार. पुन्हा पुढे. गरम. लहान मुलांसारखं आपण काय करतोय, असं वाटून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कपाशीची मोकळी रानं, कुणी नाही.

गाडी फाट्यापर्यंत मागे घेऊन त्यांनी चाक डावीकडे वळवलं.

प्रत्येक वळणाला थंडी वाढत गेली. डावी काच धुरकटली. गावात शिरताना त्यांचा डावा हात बधिर झाला होता. मारुतीच्या पारापाशी त्यांना गल्ली आठवेना. ते उजवीकडे वळले, तर वारा लगेच तापला. ते परत फिरले.

यादवच्या दाराशी निंब होता. सगळं गाव करपलेलं, आणि निंबाखाली एका जागी हिरवंगार गवत. तव्याएवढी जागा. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं, तेवढी. नानांनी गाडी लावली, उतरून वाकून पाहिलं. ठिबकणारी नळी बरोबर त्या गवतावर आली होती.

यादवची बायको, भागाबाई, दारात आली. दचकली नाही.

"या भाऊ. ऊन कितलं शे! मयुरीना मामा शेतमा गयात."

"इथं गाडी कुणाची उभी असते?"

"तुमनीच. डायवर एसी चालू करीसन बसे." भागाबाईंनी पदर सावरला. "नणंदबाई दर आखाजीले येत ना. मयुरी बी. तुमले सांगं नई का त्यासनी?"

नाना उंबऱ्याशीच उभे राहिले.

"पाणी प्यायची?"

भागाबाईंना प्रश्न कळला. त्यांनी खाली पाहिलं. "पहिलं तेच मांगेत. आपली विहिरनं पानी."

नानांनी फोन लावला. "मयुरी, तू बोरखेड्याला येत होतीस?"

पलीकडे मयुरीने पंखा बंद केला.

"आईने शपथ घातली होती, नाना. तुम्हाला फार लागेल म्हणाली."

त्यांनी फोन बंद केला. ते आत आले, तर माजघरात कोपऱ्यात एक नवी घागर होती. तिच्यावरही डांगर.

"त्यासनीच शे," भागाबाई हळूच म्हणाल्या. "सकायपाईन दोनदा भरी. तरी देखा."

नानांनी डांगर उचललं. घागर रिकामी होती. त्यांनी तळाखाली हात घातला. जमीन कोरडी. घागरीला तडा नव्हता. आतून फक्त विहिरीच्या गारव्याचा वास आला.

"पानी देऊ का, भाऊ?"

"नको."

धुळ्याला ते गेलेच नाहीत. फाट्यापर्यंत एसी लागेल असं त्यांना वाटलं होतं. निंबाखालून गाडी हलली, तेव्हाच जाळीतून भट्टीचा वारा आला. फाटा आला, पारोळं आलं, एरंडोल आलं. 'टक' असा आवाज पुन्हा झाला नाही. डाव्या सीटकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा ताईबाई अंगणात होत्या. काही विचारावं असं त्यांना वाटलं, पण नानांचा चेहरा पाहून त्या आत गेल्या.

घागर सावलीत होती तशीच. डांगर बाजूला केलं. पाणी काठाला लागलेलं, एका थेंबानेही उतरलेलं नाही. नानांनी बाहेरून हात फिरवला. नवी माती, दिवसभराची झळ, आणि घाम नाही. कागदासारखी कोरडी.

त्यांनी ओंजळ बुडवली आणि चटकन बाहेर काढली.

पाणी तापलेलं होतं.