मरीचा राणीचा हत्ती

"हात लावू नका! रंग ओला आहे!"

पेंटरकाका ओरडले खरे, पण तोवर शेपटाने पाटीवर बोट टेकवलंच होतं. बोट लाल झालं. ते त्याने गुपचूप चड्डीला पुसलं. आता चड्डीही लाल!

शेपूट म्हणजे टकळीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. आणि ताईच्या तोंडाला दिवसभर विसावा नसायचा, म्हणून ती टकळी. सुट्टीत दोघं आत्याकडे आली होती. आत्या मोठ्या वनस्पतीबागेतली मुख्य माळीण. तिचा मुलगा हेर. हे नाव त्याचं त्यानेच ठेवलं होतं. मागच्या सुट्टीत त्याने घरातली हरवलेली कात्री शोधून काढली होती. ती त्याच्याच दप्तरात निघाली, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

यंदा आत्याने तिघांना लाल टोप्या दिल्या होत्या. रोज सकाळी येणाऱ्या पाहुण्यांना मसाल्यांच्या झाडांचा काचघर-विभाग दाखवायचा, हे त्यांचं काम. आज संध्याकाळी त्या विभागाचं रीतसर उद्घाटन होतं. आत्याचे जुने गुरुजी खास त्यासाठी येणार होते. झाडं आणि शब्द, दोन्हींचं वेड तिला त्यांनीच लावलं होतं. आत्या त्यांना आणायला स्टेशनवर गेली होती.

हेर पाटी मोठ्याने वाचू लागला. "'मिरचीच्या नावाची कथा. फार वर्षांपूर्वी मरीचा नावाची शूर राणी होती. शत्रूने वेढा घातला, तेव्हा तिने तटबंदीवरून तिखट उधळून त्याला पळवून लावलं. तिच्या नावावरून मिरी आणि मिरची हे शब्द आले. माहिती : मुख्य माळीण.' काय? आईने सांगितलं हे? शक्यच नाही!"

टकळीने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

कारण मरीचा राणी तिनेच जन्माला घातली होती!

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पाहुण्यांच्या घोळक्यापुढे ती झोकात बोलत होती. "हा मिरीचा वेल आणि हे मिरचीचं झुडूप. दोघींचं काहीही नातं नाही! मिरची तर समुद्रापलीकडून जहाजातून आली, तीही काही शतकांपूर्वी. तोवर लोकांना तिखट म्हटलं की मिरीच आठवायची. हे नवं फळ खाल्लं, जीभ पोळली, आणि लोक म्हणाले, ही तर मिरीचीच कुणीतरी! म्हणून नाव पडलं मिरची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका छत्रीवाल्या आजींनी विचारलं, "आणि मिरी हा शब्द गं?"

"जुन्या भाषेत मरीच म्हणायचे. त्यावरून मिरी."

"आणि मरीच कुठून आला?"

इथे काय म्हणायचं, ते आत्याने घोटून घेतलं होतं : 'ते अजून नक्की माहीत नाही.' पण सगळे डोळे तिच्यावर खिळलेले, टाळ्या अजून कानात. माहीत नाही म्हणायची तिला लाज वाटली. आणि तोंडातून राणी बाहेर पडली. घोड्यावर बसूनच पडली म्हणा ना!

"गुरुजींनी हे वाचलं तर आईची काय किंमत राहील?" हेराचा चेहरा लालबुंद झाला होता. "ही थाप कुणी पसरवली, ते शोधायचंच. चला!"

आणि टकळी स्वतःलाच शोधायला निघाली.

पेंटरकाकांनी ब्रशानेच व्यवस्थापकांची खोली दाखवली. "साहेबांनी सांगितलं तसं मी रंगवलं बाबा."

व्यवस्थापककाका बागेत सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटायचे. एका कानाला फोन लावून ते म्हणाले, "मला तिकीटखिडकीवर कळलं, तिथे विचारा! आणि पाटीवर कापड टाकायला सांगा. सरप्राइज आहे तुझ्या आईला, म्हणून खाली नावही तिचंच!"

तिकीटवाल्या मावशींचे डोळे चमकले. "मरीचा राणी? अगं, पांढऱ्या घोड्यावर बसायची ती! मला व्हॅनवाल्याने सांगितलं."

"घोडा पांढरा होता?" टकळी पुटपुटली. तिने तर घोड्याचा रंग सांगितलाच नव्हता.

व्हॅनवाला नळी लावून गाडी धूत होता. "मोठी गोफण होती राणीकडे! त्या छत्रीवाल्या आजी नेहमी माझ्याच गाडीने येतात, त्यांनी सांगितलं. त्यांना म्हणे बागेतल्याच एका लाल टोपीवाल्या लेकराने..."

हेराचा हात स्वतःच्या टोपीकडे गेला. मग त्याने सावकाश मान वळवली. टकळीकडे नव्हे, शेपटाकडे!

"तू! तूच दिवसभर काहीबाही बरळत असतोस!"

"मी नाही! मला तटबंबी म्हणतासुद्धा येत नाही!"

"खोटं बोलू नकोस! काल झुरळाला शिंगं होती म्हणालास!"

"ती होती!" शेपटाचा ओठ थरथरू लागला. त्याने टकळीचा फ्रॉक घट्ट धरला. "ताई, तू सांग ना याला. मी नाही ना गं?"

पाटी पाहिल्यापासून टकळी स्वतःला बजावत होती, गप्प राहिलं की झालं. पण त्या लाल बोटाची पकड तिला सोसवेना.

"तो नाही," ती म्हणाली. "मी."

नळीचं पाणी तसंच वाहत राहिलं. हेराने टोपी काढून डोकं खाजवलं. मग एवढंच म्हणाला, "मगाशीच का नाही सांगितलंस? मी तुला सोबत घेऊन तुलाच शोधत होतो!"

टकळीने नाक पुसलं आणि तडक व्यवस्थापककाकांची खोली गाठली. "काका, ती राणी खोटी आहे. मी रचली. पाटी पुसून टाका, प्लीज!"

काका खो खो हसले. "तू? एवढीशी चिमुरडी? अगं, ही कथा मी आमच्या आजोबांच्या मांडीवर बसून ऐकली आहे!"

"पण काका..."

"पळा बरं! पाहुणे यायची वेळ झाली."

बाहेर येऊन तिघं पायरीवर बसली. खरं सांगूनही कुणी ऐकत नाही म्हणजे काय! आत्याच्या नावाने टकळीचं खोटं आता सगळ्या गावापुढे टांगलं जाणार होतं.

"आजोबांच्या मांडीवर म्हणे!" हेर वैतागला. "उद्या राणीचा हत्ती होता म्हटलं, तर तोही यांनी पाहिलेला असेल!"

टकळी ताडकन उठून उभी राहिली.

"काय गं?"

"हत्ती!" ती म्हणाली.

संध्याकाळी काचघरासमोर गर्दी जमली. आत्या गुरुजींचा हात धरून आली. गुरुजी वाकून मिरीच्या वेलाकडे पाहत होते, आणि आत्याचा चेहरा इतका आनंदी होता की टकळीला तिच्याकडे बघवेना. काकांनी कापडाची दोरी हातात घेतली.

"काका, थांबा!" टकळी पुढे झाली. "पाटीवर राणीच्या हत्तीचं राहिलंय का?"

"हत्ती?"

"तोच हो, सोंडेत तिखट भरून शत्रूवर फुंकणारा. तुमच्या आजोबांनी सांगितलं असेल ना?"

"हां हां, तो हत्ती!" काकांनी गर्दीकडे पाहून मान डोलावली. "सांगितलं म्हणजे काय! रोज सांगायचे!"

"मग त्याला शिंक आली..."

"आली की! अख्खा बुरूज कोसळला त्या शिंकेने!"

"आणि मग त्याने आपल्या डाव्या सोंडेने..."

"डाव्याच! अगदी बरोबर, डाव्याच सोंडेने!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"काका," टकळी हळूच म्हणाली, "हत्तीला सोंड एकच असते."

हशाने काचा हादरल्या. काकांच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. टकळीला मात्र हसू आलं नाही. अवघड काम तर पुढेच होतं. तिने टोपी काढली आणि ती आत्याकडे वळली.

"हत्ती मी आज रचला, आत्या. राणी गेल्या आठवड्यात. मरीच कुठून आला ते माहीत नाही, असं म्हणायची मला लाज वाटली. पाटीवर तुझं नाव आहे, पण खोटं माझं आहे."

आत्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं टकळीला वाटलं.

गुरुजी काठी टेकत जवळ आले. "मग आता मला सांग बरं. मरीच हा शब्द कुठून आला?"

टकळीने मान वर केली. "माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

"शाबास!" गुरुजी म्हणाले. "हे उत्तर चारचौघांत द्यायला मला केस पिकेपर्यंत थांबावं लागलं. आणि व्यवस्थापकसाहेब, पोरीने खरं सांगितलं होतं ना तुम्हाला? ऐकायचं होतं की!"

काका दोरीशी खेळत म्हणाले, "चूक झाली. विचारायला हवं होतं मी." मग आत्याकडे बघून त्यांनी घसा खाकरला. "हुशार आहेत बुवा तुमची पोरं."

पेंटरकाकांनी तिथल्या तिथे पाटी पांढरी केली. नवी पाटी आत्याने सांगितली. तिची शेवटची ओळ होती : 'मरीच हा शब्द मुळात कुठून आला, ते अजून नक्की माहीत नाही.'

आत्याने टकळीच्या हातातली टोपी घेऊन तिच्या डोक्यावर ठेवली. "सगळ्यांदेखत बोललीस, ते मला आवडलं. पण राणी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेली, त्या सगळ्यांकडे आता तू जायचंस."

"मीही येतो," हेर म्हणाला. "रस्ता मला पाठ आहे."

टकळी गेली. व्हॅनवाला हसला. छत्रीवाल्या आजी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं बाई." पण तिकीटवाल्या मावशींचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे पांढरा घोडाही नव्हता?" त्यांनी विचारलं, आणि टकळीला कुठे तोंड लपवू असं झालं.

सुट्टी संपेपर्यंत कुणी ना कुणी यायचंच. दुसऱ्या गावचं, अनोळखी. दारातूनच विचारायचं, "ती मरीचा राणीची मिरची कुठे आहे हो?"

शेपूट ताईकडे बघायचा. टकळी टोपी नीट करायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "राणी नव्हतीच. ती मी रचली होती. या, खरं काय ते सांगते."