फाटक नसलेला मार्ग

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात मी रेल्वे बांधायला घेतली. तंजावूरच्या आमच्या घरात मागची खोली रिकामी होती. लाकूडवाल्याकडून एक जुना दरवाजा आणला आणि विटांच्या चार थप्प्यांवर आडवा टाकला. रूळ आणि इंजिन कुंभकोणमच्या एका गृहस्थांचे, वापरलेले. बाकी सगळं घरचं. शेतांसाठी हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा, खडीसाठी विटेची चाळलेली भुकटी, नारळाच्या काथ्याची झाडं. कुठल्याही खऱ्या मार्गाची ही नक्कल नव्हती. दोन स्टेशनं, एक कालवा, मधे भातशेती.

"रस्ता कुठाय?" माझ्या बायकोने, भवानीने, विचारलं. "लोकांनी काय रुळावरून चालायचं?"

"रस्ता पुलाखालून जातो."

"छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, आणि एक फाटक नाही!"

"माझी रेल्वे आहे. माझे नियम."

"बरं सार," ती म्हणाली. "कॉफी कुठल्या प्लॅटफॉर्मवर आणू?"

फाटक का नको, हे तिला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मी पापनाशमच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनवर स्टेशनमास्तर होतो. गाडी सोडण्याआधी फाटकवाल्याला फोन करायचा. त्याने फाटक लावायचं, त्याच्याजवळच्या पत्रकातला पुढचा प्रायव्हेट नंबर सांगायचा आणि त्यावर काट मारायची. मी तो वहीत लिहायचा. नंबर आला म्हणजे फाटक लागलं, ही त्याची हमी. त्या दुपारी मी फोन केला नाही. विसरलो. मोपेडवरची एक बाई गाडीखाली गेली. फाटकवाला चिदंबर तिच्याकडे धावला, तेव्हा मी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी असलेल्या त्याच्या खोपटात शिरलो, पत्रकातला पुढचा नंबर पाहिला, त्याच्याच पेनने त्यावर काट मारली आणि परत येऊन तो माझ्या वहीत लिहिला. चौकशीत वही आणि पत्रक जुळलं. फोन आलाच नव्हता, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्याची नोकरी गेली. दीड वर्षाने तोही गेला.

मार्चमध्ये माझे रूळ पूर्ण झाले. एका सकाळी शेतातला भुसा एके ठिकाणी सरकलेला दिसला. रुळाच्या दोन्ही बाजूंना, रुळाला आडवा, दोन बोटं रुंद पट्टा. उंदीर असेल म्हणून मी डिंक लावून पुन्हा भुसा टाकला. दुसऱ्या दिवशी पट्टा परत होता, या वेळी दरवाजाच्या कडेपर्यंत. डिंक खरवडल्याची खूण नव्हती. तिथे डिंक कधी लागलाच नसावा इतकं लाकूड कोरडं होतं.

मग इंजिन तिथे थांबू लागलं. रूळ स्पिरिटने पुसले. मीटर लावला. पट्ट्याच्या अलीकडे, पलीकडे आणि नेमका पट्ट्यावर, सगळीकडे बारा व्होल्ट. इंजिन चाळीस सेकंद उभं राहायचं आणि आपणहून निघायचं. मी घड्याळ लावून नऊ वेळा मोजलं.

जूनमध्ये माझ्या मुलीला, शांभवीला, पापनाशमच्या एका शाळेत नोकरी लागली. ती स्कूटरने जाणार होती. वाटेत तेच फाटक.

"दुसऱ्या रस्त्याने जा," मी म्हटलं.

"तो सात किलोमीटर लांब पडतो, अप्पा." ती हसली. "फाटकाला घाबरणारा स्टेशनमास्तर मी पहिल्यांदाच पाहते."

ज्या सोमवारी ती रुजू झाली, त्या दिवसापासून इंजिन पट्ट्यावर थांबेनासं झालं. उलट तिथे पोचताच ते वेग घेई.

बुधवारी पट्ट्याच्या मधोमध, रुळांच्या आत, मोहरीएवढं काहीतरी पिवळं पडलेलं दिसलं. भिंग आणलं. हेल्मेट होतं. मागे उजवीकडे एक बारीक ओरखडा.

शांभवी संध्याकाळी नवीन हेल्मेट घेऊन आली. पिवळं. ओरखड्यामुळे दुकानदाराने स्वस्तात दिलं म्हणाली.

गुरुवारी ती घरी आली आणि हेल्मेट न काढताच बोलू लागली.

"फाटक उघडं होतं, अप्पा. मी रुळावर असताना शिटी ऐकू आली. कशी निघाले, माहीत नाही. फाटकवाला म्हणतो, त्याला फोनच आला नाही."

मी मागच्या खोलीत जाऊन भिंतीतला प्लग उपटला.

इंजिन फिरतच राहिलं.

शुक्रवारी सकाळी सातला मी चिदंबरच्या गावी पोचलो. त्याची बायको विशालाक्षी ओट्यावर बसून अबोलीचे गजरे ओवत होती. मी उभ्या उभ्याच तिला तमिळमध्ये सगळं सांगितलं. फोन, पत्रक, पेन, काट. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

ती ओवत राहिली.

"माहीत आहे सार. त्यांनी सांगितलंय."

"जायच्या आधी?"

"सांगतात रोज."

मी पायरीवर बसलो. "रेल्वेला लिहून देतो. पेपरात देतो. मला काय ती शिक्षा होऊ दे. माझ्या मुलीला सोडा."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मुलगी फाटकाशी किती वाजता येते?"

"नऊ पाच," मी म्हणालो. कुणी वेळ विचारली की उत्तर तोंडातून निघतं. विचार करावा लागत नाही.

विशालाक्षीने दोरा खाली ठेवला. घराच्या रिकाम्या आतल्या खोलीकडे मान वळवली आणि, फोनवरचा निरोप नीट ऐकू आला हे कळवताना म्हणतात तसं, सावकाश, स्पष्ट म्हणाली, "नऊ पाच."