चौथे चाक

घाटाच्या पायथ्याशी टायरचे दुकान चालवणारा गाव्रिला त्या सकाळी वरच्या वळणावरच्या खड्ड्यापर्यंत चालत गेला आणि त्यात रोवलेले फरचे झाड उपटून घरी घेऊन आला.

रोमानियाच्या त्या डोंगरांत अविवाहित तरुण अपघातात गेला की तो जिथे पडला तिथे फरचे झाड रोवतात. ती त्याची नवरी. तिची पाने आपसूक झडेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. घाटमाथ्यावरच्या गावातल्या तोआदेरचे झाड नेमके खड्ड्यात उभे राहिल्यामुळे गाड्या त्याला वळसा घालून जात, आणि गाव्रिलाचे गिऱ्हाईक तुटले होते. रूढीचा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. त्याने फक्त तिचा उपद्रव जमेस धरला.

"मेलेल्याची बायको उचलून आणलीत," त्याची बायको पारास्किवा म्हणाली. "आणि आपली झाम्फिरा आज त्याच रस्त्यानं येतेय."

रविवारी मुलीचे लग्न होते. खड्डा कुठे आहे हे तिला फोनवर बजावले असल्याचे सांगून गाव्रिलाने झाड मोडून चुलीत सारले.

दुपारी धुके उतरले, बर्फ भुरभुरू लागला. त्यातून एक गाडी खुरडत आली. चौथ्या चाकाचा हिवाळी टायर कडेला उभा फाटला होता. गाडीतून उतरलेल्या तरुणाच्या अंगावर लग्नाचा काळा कोट होता, त्याला ओल्या मातीचा वास येत होता. अशा फाटीला ठिगळ चालत नाही असे सांगून, रस्त्याच्या नावाने चार शिव्या हासडत, गाव्रिलाने काळे पॉलिश फासलेला एक झिजलेला टायर काढून बसवायला घेतला. तरुणाने घासाघीस केली नाही. मागच्या सीटवर तोंडावर पांढरे वस्त्र घेऊन कोणीतरी निजले होते.

"नवरी पळवलीस की काय रे?" गाव्रिला हसला. तिकडच्या लग्नांत तो मित्रांचा खेळच असतो.

"माझी कुणीतरी नेली, काका... म्हणून ही."

"आणि हिचा बाप?"

"त्यानंच तर वाट मोकळी करून दिली..."

शेवटचा नट आवळताना आतून काचेवर नख वाजले. सावकाश, तीनदा.

"थांब गं बाई," मान वर न करता गाव्रिला म्हणाला. "नवरा काही पळून जात नाही."

आवाज थांबला. गाडी धुक्यात शिरली.

तेवढ्यात पारास्किवा फोन घेऊन बाहेर आली. झाम्फिराची गाडी वळणावर सापडली होती. सांगितल्याप्रमाणे तिने खड्डा चुकवला होता. इंजिन चालू होते, सीटचा पट्टा लावलेलाच होता. पट्ट्यामागे कोणी नव्हते.

गाव्रिला चढावर धावत सुटला. ताज्या बर्फात गाडीच्या दोन रेघा उमटायला हव्या होत्या. एकच उमटली होती, त्याने बसवलेल्या झिजलेल्या टायरची. ती थेट घाटमाथ्यावरच्या दफनभूमीच्या फाटकाशी गेली होती. फाटकाला कुलूप होते, कुलपावर बर्फ अभंग होता. गजांपलीकडे रेघ तशीच पुढे गेली होती; तिथे ती अधिक खोल होती, गाडीत माणसे वाढल्यासारखी.