जांभळ्या ठिपक्याचं कुलूप

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवून देण्याची मला हौस नाही. पण हे घडलंय, आणि माझ्याच बाबतीत घडलंय. त्या दिवशी तिथे असलेली माणसं आजही त्याच कारखान्यात कामाला आहेत.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवार होता, भर दुपार. छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन आत येत होतं. समोरच्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

इंजिनियरिंग संपवून मी नुकतीच लागले होते. गाड्यांचे दरवाजे बनवणारा कारखाना, आणि मी ट्रेनी. परमनंट कोणाला करायचं ते वर्षाच्या शेवटी ठरणार होतं. पण आईला कुठला दम निघतोय? तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं की आमची थोरली चिकटली म्हणून. आता हात हलवत घरी जायची सोयच उरली नव्हती.

प्रेस शॉपमध्ये मी एकटीच मुलगी.

प्रेस म्हणजे दोन मजली उंच मशीन. वरून जड ठोकळा खाली येतो आणि सपाट पत्र्याचा दरवाजा होतो. दुरुस्तीसाठी तिच्या खालच्या खड्ड्यात उतरावं लागतं.

उतरण्याचा एक नियम आहे. आधी मेन स्विच बंद करायचा. मग उतरणाऱ्या प्रत्येकाने त्या स्विचवर आपापलं कुलूप लावायचं. किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. वर आल्यावर आपलं कुलूप आपणच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही, मालक आला तरी.

"कुलूप आहे तोवर माणूस आत आहे," फिटरकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "डोळे काहीही म्हणोत. कुलपाचं ऐकायचं."

आणि वर येण्याआधी शिडीवर पान्याने ठोकायचं. ठक ठक. वरचा माणूस उलट ठोकतो. मगच चढायचं, म्हणजे कोणी चुकून खड्ड्याचं झाकण लावत नाही.

कुलपं सगळ्यांची लाल, सारखीच. माझ्या कुलपावर धाकट्या बहिणीने जांभळ्या नेलपेंटचा ठिपका दिला होता. "ताई, तुझा काही भरवसा नाही, हरवशील," म्हणाली.

त्या रविवारी खालची तुटलेली स्प्रिंग बदलायची होती. सोमवारी सकाळी माल जायचा होता, त्यामुळे सुपरवायझरसाहेबांचा जीव टांगणीला. काका, मी आणि वेल्डर असे तिघं उतरलो. वेल्डरला सगळे गप्पीदास म्हणायचे. का ते सांगायला नको.

"मॅडम, खाली उंदीर आहेत बरं का," तो शिडीवरूनच सुरू झाला. "पण डिग्रीवाल्यांना चावत नाहीत. शिक्षणाचा मान ठेवतात."

"म्हणून तुला चावतात होय," काका म्हणाले.

खाली काळ्या ग्रीसचा थर होता. पाऊल टाकलं की बुटाचा ठसा उमटायचा. माझे बूट सगळ्यांत लहान, ठसे लगेच ओळखू यायचे.

काम नीट झालं.

"पोरी, मागच्या कोपऱ्यात पाना राहिलाय, तेवढा घेऊन ये," काका म्हणाले. "आम्ही चढतो."

ते दोघं वर गेले. मी कोपऱ्यात गेले, वाकले, पाना उचलला.

आणि... खड्ड्यातला दिवा गेला.

वरून माणसांचे आवाज येत होते, तेही थांबले. मी श्वास रोखून ऐकलं. मग लक्षात आलं, मी श्वास रोखलेलाच नव्हता. घेत होते. फक्त त्याचा आवाज येत नव्हता.

काहीतरी सुटलं. असंच म्हणता येईल. कोणीतरी इतका वेळ दंड धरून ठेवला होता आणि सोडला, तसं.

दिवा आला. मी शिडीपाशी उभी होते.

तिथपर्यंत चालत आल्याचं मला आठवत नाही.

मी वर चढले. काका डाफरले, "ठोकलं का नाहीस? आणि पाना कुठाय?"

मी हात बघितले. रिकामे होते.

"खालीच राहिला वाटतं," मी म्हटलं.

"राहू दे. कुलपं काढा आधी," साहेब म्हणाले.

काकांनी आपलं काढलं. गप्पीदासने काढलं. मी माझं काढलं आणि खिशात टाकलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. साहेब स्विचकडे गेले आणि थबकले.

स्विचवर... एक कुलूप होतं.

लाल, आणि त्यावर जांभळा ठिपका.

मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

"मॅडमचं लक्ष नाही," गप्पीदास हसला. "काढल्यासारखं केलं नि परत लावलं."

मलाही तेच खरं वाटलं. मी पुन्हा काढलं. या वेळी टेबलावर ठेवलं, साहेबांच्या हेल्मेटशेजारी. आम्ही चौघं नळावर हात धुवायला गेलो. कारखान्यात पाचवं माणूस नव्हतं, गेटवरचा वॉचमन सोडून.

परत आलो. टेबलावर हेल्मेट होतं. कुलूप नव्हतं.

ते स्विचवर लटकत होतं... आणि हळूहळू हलत होतं.

गप्पीदास गप्प झाला. त्याला गप्प झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला.

ठक... ठक.

शिडीवर पान्याने ठोकल्याचा. वर येऊ का, असं विचारणारा.

आम्ही सगळे वरच होतो.

काकांनी बॅटरी घेतली, आपलं कुलूप परत लावलं आणि खाली उतरले. आम्ही खड्ड्याच्या कडेला उभे राहिलो. वर येऊन त्यांनी आपलं कुलूप काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खाली दिसत तर कोणी नाही. पाना शिडीपाशी पडलाय," ते म्हणाले. "कोमट लागला हाताला."

"आणि?" साहेबांनी विचारलं.

"हिच्या बुटांचे ठसे कोपऱ्यात गेलेत. आमचे दोघांचे जाताना-येताना दोन्ही आहेत. हिचे परत आलेले नाहीत."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मीही पाय उचलून बघितलं. तळ स्वच्छ होते. ग्रीसचा कणही नव्हता.

खरं सांगते, तेव्हा माझी पाचावर धारण बसायला हवी होती. मी स्वतःला तपासलं. काहीच नव्हतं. ना भीती, ना रडू. दुपारी जेवल्यावर येते तेवढीही सुस्ती नव्हती.

"मशीन सुरू करायची नाही," काका म्हणाले. "कुलूप आहे. म्हणजे माणूस आत आहे."

"अहो काका, माणूस समोर उभा आहे तुमच्या. उद्याचा माल काय मी डोक्यावर वाहून नेऊ?"

"मला काय समोर आहे ते माहीत नाही. मला कुलूप माहीत आहे."

साहेब माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. वाईट माणूस नाही तो. थकल्या आवाजात म्हणाले, "तुझं कुलूप, तुझी किल्ली. नियमाने तूच सांग. तू बाहेर आहेस ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला परमनंट व्हायचं होतं. पहिल्याच वर्षी 'ही भुतं बघते' असं नाव पडलं असतं तर माझं तिथे काय राहिलं असतं? आणि मी तर बाहेरच होते. माझे हात मला दिसत होते.

"हो," मी म्हटलं. "मी बाहेर आहे."

मी किल्ली लावली.

खालून... ठक ठक. ठक ठक. ठक ठक. आता विचारल्यासारखं नव्हतं. कोणीतरी जिवाच्या आकांताने ठोकत होतं.

"काढू नको गं पोरी," काका म्हणाले.

किल्ली फिरली. साहेबांनी झाकण लावलं, स्विच ओढला आणि बटण दाबलं.

ठोकळा एकदा खाली आला. जमीन नेहमीसारखी हादरली.

ठोकणं थांबलं.

मला काहीच झालं नाही. सगळे तेच म्हणाले, बघ, काही झालं का? नाही झालं.

त्या रात्री मी गॅसवरचं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं. आई किंचाळली तेव्हा मी हात बघितले. फोड आले होते, पण दुखत नव्हतं. अजूनही काही दुखत नाही. भूक लागत नाही, पण वेळ झाली की जेवते. धाकटी विनोद सांगते, मी हसते, ती म्हणते, "राहू दे ताई, उगाच नको हसूस." परवा म्हणाली, "तुझ्या पावलांचा आवाजच येत नाही गं."

आई म्हणते, कामावरून येतेस खरी, पण घरी आल्यासारखी वाटत नाहीस.

वर्षाच्या शेवटी मी परमनंट झाले. साहेबांनी चार लोकांत कौतुक केलं, ही पोरगी कशालाच घाबरत नाही. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले. मला आनंद झाला असणार. मी तसं म्हटलं तरी.

काका माझ्याशी बोलत नाहीत. आधी वाटलं, रागावलेत. ऐकलं नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात प्रेस पुन्हा दुरुस्तीला थांबली. मशीन बंद झाल्यावर शॉपमध्ये जी शांतता होते ना, त्या शांततेत काका एकटेच खड्ड्याच्या कडेला बसले होते. हातात पाना होता. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

खालून... अगदी हळू. ठक ठक.

काकांनी शिडीवर उलट ठोकलं. मग खड्ड्यात वाकून, आपल्या मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "आहे गं पोरी, मी इथेच आहे. रडू नको."

मला वाटलं, मलाच म्हणाले.

"मी रडत नाहीये काका," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.