डावीकडचा सुळा

शिरपूर-वाशीम एसटी खड्ड्यात आदळली, शेजारच्या माणसाच्या मांडीवरचा डबा उघडला आणि प्लॅस्टरची पांढरीशुभ्र बत्तिशी वैभवीच्या ओटीत येऊन पडली. दुसरी कोणी किंचाळली असती. वैभवी वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर; तिनं बत्तिशी उजेडात धरली. दर दातावर पेन्सिलची बारीक उभी-आडवी रेघ.

"एवढं मोजत काहून बसता?" तिनं विचारलं. "मी तर तार अडकवायचे ब्रॅकेट दातावर नजरेनंच चिकटवते. डॉक्टर वैभवी."

"मालूम आहे," कानावर पेन्सिल अडकवलेला तो माणूस म्हणाला. "मी वीरेंद्र, लॅबवाला. तुमच्या पेशंटचे साचे वरीसभर माह्याच टेबलावर येऊन राह्यले. तुमी पेशंटच्या उजव्या अंगाले बसता. म्हणून डाव्या सुळ्यावरचा ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर हिरडीकडं सरकते."

"अर्ध्या मिलिमीटरनं काय होते?"

"दात तार नेईल तिकडं जाते, मॅडम. त्याले तुमची डिग्री दिसत नाही."

वैभवीनं बत्तिशी त्याच्या डब्यात परत ठेवली. राग आला होता, आणि तो खरं ऐकल्याचा होता, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अनसिंगची निता आली. आठ महिन्यांपासून तारा. तोंडावर पदर न धरता हसायचं, एवढीच तिची हौस. वैभवीनं यावेळी पट्टी लावून मोजलं. वरचा डावा सुळा खरंच रांगेच्या खाली उतरला होता... 'तुझा दातच हट्टी आहे,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. निता मुकाट परत गेली असती.

"निता, चूक माझी आहे. ब्रॅकेट काढून पुन्हा लावावा लागेल. तीन महिने वाढतील."

नितानं आरशात पाहून सुळ्यावर बोट टेकवलं. "चुकलं म्हणणारा डॉक्टर पयल्यांदाच पाह्यला," ती म्हणाली. "लावा."

वैभवीनं नवा साचा धाडला; वीरेंद्रनं त्यावर मोजून ब्रॅकेट बसवला, वरून तो पकडून ठेवणारा मऊ ट्रे बनवला. वैभवीनं तो ट्रे दातांवर दाबला आणि ब्रॅकेट बरोबर मोजल्या जागी चिकटला.

तीन महिन्यांनी सुळा रांगेत आला. निता पदर सोडून हसली, आणि हसतच गेली. नवे साचे न्यायला आलेला वीरेंद्र दारातच उभा होता.

"तुमचे उपकार कसे मानू?" वैभवी म्हणाली. "तुमी बोलले नसते तर..."

"मीच मानतो. सारे दात इतके नेमके, की वाटे, हा हात माणसाचा नाहीच. त्या एका सुळ्यानं धीर दिला—बोलाचा."

"डावीकडचं मले दिसत नाही," ती हळूच म्हणाली. "तिकडं जन्मभर कोणी बसलं तर..."

"पण लग्नात डाव्या अंगाले नवरी बसते."

"पाटावर तेवढी मी बसते डावीकडं. बाकीचे दिवस तुमी."

वीरेंद्रनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली, पुन्हा काढली. मोजायला काही उरलंच नव्हतं.