ताईनं न लावलेलं गाणं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय.

बुधवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. जागा, रेडिओ केंद्राचा दोन नंबरचा स्टुडिओ.

ताई तिथे बावीस वर्षं निवेदिका. सुरुवातीला गाणी तबकडीवर वाजत. सुईनं पहिला सूर शोधायचा, तबकडी हातानं अर्धा फेरा उलटी फिरवायची आणि बोटानं धरून ठेवायची. निवेदनाचा शेवटचा शब्द संपला की बोट उचलायचं. हे तिला मास्तरांनी शिकवलं. केंद्रातले सगळ्यात जुने निवेदक. आता ते हयात नाहीत. तबकड्याही भंगारात गेल्या.

आता गाणी कॉम्प्युटर लावतो. ताईला बोलायला चाळीस सेकंद. एकेचाळिसाव्याला गाणं सुरू, मग ती वाक्याच्या मधोमध का असेना!

"अहो, माझं तोंड उघडंच राहतं," ती साहेबांशी कितीदा भांडली. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यापासून तुमचा तासाभराचा कार्यक्रम कॉम्प्युटरच चालवणार. तुम्ही त्याच्यापेक्षा वेगळं काय करता, ते आज दाखवा. एक गाणं तुमच्या हातात."

इंजिनिअरनं गाणी आपोआप लागणं बंद केलं. सुरू करायचं बटण फक्त ताईपुढे. काचेपलीकडे साहेब हाताची घडी घालून उभे.

ताई बोलू लागली. बोट बटणाच्या वर, अधांतरी.

तेवढ्यात हेडफोनमध्ये...

सुर्रर्र...

तबकडी उलटी फिरल्याचा आवाज. अर्धा फेरा.

मग शांतता. कुणीतरी धरून ठेवल्यासारखी...

तिचा दुसरा हात हेडफोन काढायला वर गेला. पण माइक चालू होता. तिनं कसंबसं वाक्य संपवलं.

आणि गाणं सुरू झालं.

अचूक. शेवटच्या शब्दाला लागून.

मागे सुईची बारीक खरखर होती...

ताईचं बोट अजून हवेतच होतं.

साहेब आत आले. "वा बाई! जमलं की!"

"मी बटण दाबलंच नाही," ताईच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे कॉम्प्युटरनं आपलं आपण लावलं? मग तर प्रश्नच मिटला!"

बावीस वर्षांचा तास एका वाक्यात गेला.

संध्याकाळी इंजिनिअरनं तिला जिन्यात गाठलं. "मॅडम, त्या वेळी कॉम्प्युटरनं काहीच वाजवलेलं नाही. नोंद कोरी आहे."

"मग साहेबांना सांगा ना!"

"सांगितलं. म्हणाले, नोंद चुकली असेल."

मी ताईची समजूत घालते, अगं, मास्तर मदतीला आले असतील. ती उसळते.

"मास्तर? माझा हात चुकायचा, गाणं उशिरा लागायचं, तेव्हा शेजारीच बसलेले असायचे ते. पण माझ्या तबकडीला त्यांनी कधी बोट लावलं नाही. 'तुझं तू सोड,' म्हणायचे. ते मास्तर नव्हतेच."

मग कोण होतं...?

हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.