एक कार्ड जास्त

पंच केलेल्या कार्डावरचं भोक तीन मिलिमीटर उंच असतं आणि रुंदीला दीडपेक्षा किंचित कमी. एका कार्डावर ऐंशी रकाने. १९७८ साली नागपूरच्या एका दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी कार्डांवर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्या ऐंशी रकान्यांत काय बसवायचं हे मीच ठरवलं. नाव, वडील किंवा नवरा, गाव, आजार, न चालणारं औषध, भेटीच्या कारणाचा आकडा.

रेकॉर्ड सांभाळणारे चंपतराव तेव्हाच म्हणाले होते, "बाई, माहेरच्या नावाले जागा ठेवा. आपल्याकडं लग्नात पोरीचं नावच बदलते. अर्ध्या बाया हरवतीन तुमच्या खोक्यात."

मी हसले होते. रकाने संपले होते.

पुढच्या जूनमध्ये दोन केसपेपर एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. एक जुना, लग्नाआधीचा: कौशल्या, वडील नत्थूजी, रामटेक. पेनिसिलिन चालत नाही, असं लाल शाईत. दुसरा नवा: शामला, नवरा वसंत, कळमेश्वर. तो रकाना कोरा. ओळखखूण दोन्हींवर सारखीच: डाव्या कोपरावर भाजल्याचा लांबट डाग. बाई एकच, हे मला तेव्हाच कळलं. पण नाव जुळल्याशिवाय नोंदी जोडायच्या नाहीत, हा नियम माझाच होता. दोन्ही कागद मी 'शंकास्पद' लिहिलेल्या फाईलमध्ये ठेवले.

ऑगस्टमध्ये शामलाला तापात, बेशुद्ध अवस्थेत आणलं. डॉक्टरांच्या प्रश्नांना नवऱ्यानं उत्तरं दिली. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर वीस मिनिटांत ती गेली.

तिची आई प्रयागबाई रडताना बोलून गेली, की पोरीला लहानपणीही असंच झालं होतं. सासरच्यांनी तेवढंच धरलं. लग्नात आजार लपवला म्हणाले, आणि नातीची भेट बंद केली. दवाखान्याच्या कागदात लिहिलंय, असं ती सांगत राहिली. शामलाच्या नावानं तसा कागद निघाला नाही. ती दर सोमवारी कळमेश्वरला जाऊन दाराबाहेर बसते आणि परत येते, हे मला चंपतरावांनी सांगितलं. मी मान खाली घालून काम करत राहिले.

सप्टेंबरपासून मोजणीत एक कार्ड जास्त येऊ लागलं.

कार्डं मोजायचं यंत्र शहराच्या सदर भागातल्या एका कचेरीत होतं. शुक्रवारी मी खोके घेऊन जायची. हातानं मोजलेली कार्डं चार हजार तीनशे बारा. यंत्र म्हणे, तेरा. जास्तीचं कार्ड मी शोधून काढलं. नाव कौशल्या. पेनिसिलिनच्या रकान्यात भोक. पण नवरा वसंत, गाव कळमेश्वर. त्या दोन नोंदी जोडलेलं कार्ड कोणीच बनवलं नव्हतं. ती जोड फक्त माझ्या डोक्यात होती. भेटीच्या कारणाचा आकडा सात: जुने कागद मागितले.

मी ते फाडलं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा होतं. मग पंचिंग स्वतः केलं, खोक्यांना कुलूप घातलं, किल्ली गळ्यात ठेवली.

तेरा.

दिलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णांना आम्ही पोस्टकार्डं पाठवत असू. पत्ते मी लिहायची, यादीवरून. त्या यादीत कौशल्याचं नाव कधीच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी वसंत आला. कडेवर दीड वर्षांची मुलगी. त्यानं सात पोस्टकार्डं टेबलावर मांडली.

"तिचं माहेरचं नाव हाय. पत्ता आमच्या घरचा," तो हळू म्हणाला. "हे नाव आमी इथं कोणाले सांगतलंच नाही. काहून पाठवून राहिले, बाई?"

चंपतरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर ते ओळखत होते.

मीही ओळखलं.

आज सकाळी मिळालं म्हणाला, त्या पोस्टकार्डावर मी बोट टेकवलं. शाई ओली होती.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमच्या सासूबाईंनी काही लपवलं नाही," मी म्हणाले. "त्या सांगतात तो कागद इथं आहे. शामला जायच्या दोन महिने आधी तो माझ्या हातात होता, आणि मी गप्प बसले. आज तुमच्याबरोबर रामटेकला येऊन मी त्यांना हे सांगणार आहे."